धोका मोजणारं यंत्र कोणाच्या हाती असावं?

२८ एप्रिल १९८६ च्या सकाळी स्वीडनमधल्या फोर्शमार्क अणुवीज केंद्रात किरणोत्सर्ग तपासणाऱ्या यंत्राने एका कर्मचाऱ्याला अडवलं. त्याच्या बुटांना किरणोत्सारी धूळ लागली होती. आधी सगळ्यांना वाटलं की आपल्याच केंद्रात गळती झाली आहे, आणि शेकडो कर्मचाऱ्यांना बाहेर काढलं गेलं. मग लक्षात आलं की धूळ बाहेरून आली आहे, आणि वाऱ्याची दिशा पाहता ती सोव्हिएत संघातूनच आली असणार. त्याच दिवशी रात्री मॉस्कोने चेर्नोबिलच्या अपघाताची पहिली, चार ओळींची बातमी दिली. स्फोट होऊन तोवर जवळजवळ तीन दिवस उलटले होते.

फोर्शमार्क चेर्नोबिलपासून सुमारे १,१०० किलोमीटरवर आहे. आणि स्फोटाच्या जागेपासून जेमतेम तीन किलोमीटरवर असलेल्या प्रिप्यात शहरात सुमारे ४९,००० माणसं २६ तारखेचा अख्खा दिवस नेहमीसारखी वावरत होती. मुलं बाहेर खेळत होती. शहर रिकामं करायला सुरुवात झाली ती २७ तारखेच्या दुपारी. किरणोत्सर्ग मोजणारी माणसं आणि यंत्रं तिथे होती, आकडेही हाती येत होते. ज्यांच्या शरीरात ते विष जात होतं त्यांच्यापर्यंत मात्र ते आकडे पोचले नाहीत.

आज अशा मोजणीची साधनं लहान आणि स्वस्त झाली आहेत. ती मोटारीवर, बसवर, ड्रोनवर बसतात, पाठीवरच्या पिशवीत मावतात, आणि काही तर प्रत्येकाच्या फोनमध्ये आधीपासूनच आहेत. अशा हजारो फिरत्या सेन्सरांची जाळी विणून किरणोत्सर्ग, विषारी वायू, दूषित हवा आणि भूकंप यांपासून लोकांना वाचवायचं, ही कल्पना आता प्रयोगशाळेपुरती राहिलेली नाही. ही जाळी उभी राहिली पाहिजेत असं मला ठामपणे वाटतं. पण तेवढ्याच ठामपणे दोन अटी मांडायच्या आहेत. आकडा ज्या क्षणी अधिकाऱ्याला दिसतो त्याच क्षणी तो त्या जागी राहणाऱ्या माणसालाही दिसला पाहिजे. आणि जागा मोजताना माणसाचा माग काढला जाता कामा नये. या दोन अटी नसतील तर जाळं कितीही दाट असो, प्रिप्यातमध्ये जे झालं ते पुन्हा होऊ शकतं.

मुळात यंत्रं फिरती का हवीत? कारण धोका नकाशावर सारखा पसरत नाही. किरणोत्सारी ढगाखाली ज्या गावात पाऊस पडतो तिथे धूळ जमिनीवर बसते, आणि कोरडं राहिलेलं शेजारचं गाव बरंचसं वाचतं. रस्त्यावरचा धूर एका वळणावर साचतो आणि पुढच्या वळणावर वाऱ्याने उडून जातो. कॅलिफोर्नियातल्या ऑकलंड शहरात गुगलच्या स्ट्रीट व्ह्यू गाड्यांवर हवा तपासणारी उपकरणं बसवून तेच रस्ते पुन्हा पुन्हा मोजले गेले. २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दोन चौकांच्या मधल्या एवढ्याशा पट्ट्यातही प्रदूषण पाच ते आठ पटींनी बदलत होतं. शहराच्या एखाद्या गच्चीवरचं सरकारी केंद्र कितीही अचूक असलं तरी ते त्या गच्चीपुरतंच बोलतं. त्याच्या आकड्यावरून 'शहराची हवा आज मध्यम आहे' असं जाहीर होतं, तेव्हा त्या वाईट वळणावर घर असलेल्या दम्याच्या रुग्णाला त्यातून काहीच कळत नाही.

फिरती मोजणी काय करू शकते याचं एक उदाहरण मला फार बोलकं वाटतं. जानेवारी २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात एका खाणीतून निघालेल्या ट्रकवरून किरणोत्सारी सीझियम-१३७ ची एक कुपी वाटेत कुठेतरी पडली. आठ मिलिमीटर लांब, सहा मिलिमीटर रुंद. एवढीशी वस्तू शोधायची होती १,४०० किलोमीटरच्या रस्त्यावर. हातात धरली असती तर भाजलं असतं, आणि बराच काळ जवळ राहिली असती तर जिवावर बेतलं असतं. शोधपथकाने गाडीवर किरणोत्सर्ग ओळखणारी उपकरणं चढवली आणि तो महामार्ग पिंजून काढला. १ फेब्रुवारीला, ताशी ७० किलोमीटर वेगाने चाललेल्या गाडीवरच्या उपकरणाने न्यूमन गावाजवळ इशारा दिला. कुपी रस्त्याच्या कडेपासून सुमारे दोन मीटरवर मातीत पडलेली होती. रस्त्याकडेला ठराविक अंतरावर खांब रोवून त्यांवर सेन्सर लावले असते, तर दोन खांबांच्या मध्ये पडलेली ही कुपी कोणालाही कळली नसती.

याच्या उलट ब्राझीलच्या गोयानिया शहरात १९८७ मध्ये घडलं. एका बंद पडलेल्या उपचार केंद्रातून रेडिओथेरपीचं यंत्र चोरीला गेलं आणि भंगारात विकलं गेलं. आतली निळी चमकणारी पूड लोकांनी कौतुकाने घरी नेली, नातेवाइकांना वाटली. ते सीझियम आहे हे कळायला दोन आठवड्यांहून अधिक काळ गेला. चार माणसं दगावली, त्यांत सहा वर्षांची एक मुलगी होती. नंतर एक लाखाहून अधिक लोकांची तपासणी करावी लागली आणि २४९ जण दूषित आढळले. त्या वस्तीतून रोज जाणाऱ्या एखाद्या सरकारी गाडीवर साधा डिटेक्टर असता तर ही गोष्ट कदाचित पहिल्या दोन-तीन दिवसांतच उघडकीला आली असती. अमेरिकेत संरक्षण संशोधन संस्था 'डार्पा'ने २०१६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये सुमारे १,००० छोटे डिटेक्टर स्वयंसेवकांच्या पाठीवर देऊन नेमकी अशीच चाचणी घेतली. तंत्र चालतं हे त्यात दिसलं. पण ते जाळं सुरक्षा यंत्रणांसाठी होतं. ज्यांच्या शहरात ते फिरलं त्यांच्यासाठी आकड्यांचा खुला नकाशा नव्हता, आणि माझा मुद्दा इथेच सुरू होतो.

११ मार्च २०११ च्या भूकंपानंतर आणि त्सुनामीनंतर जपानमधल्या फुकुशिमा दाइइची केंद्रातून गळती सुरू झाली, तेव्हा कोणत्या भागातून लोकांना हलवायचं हे ठरवायला सरकारने केंद्राभोवती वर्तुळं आखली. आधी तीन किलोमीटर, मग दहा, मग वीस. वारा मात्र वर्तुळात वाहत नाही. जपानकडे 'स्पीडी' नावाची संगणकीय प्रणाली होती. किरणोत्सारी ढग कोणत्या दिशेला जाईल याचा अंदाज बांधणं हे तिचं कामच. तो अंदाज लोकांना वेळेवर सांगितला गेला नाही. नामिए गावातले अनेक लोक वायव्येकडच्या त्सुशिमा भागात आश्रयाला गेले. वर्तुळाच्या बाहेर आहोत म्हणून सुरक्षित आहोत, अशी त्यांची समजूत होती. प्रत्यक्षात दाट ढग त्याच दिशेला गेला. मुलाबाळांसह ते तिथे राहिले, स्वयंपाक केला, बाहेर वावरले. 'स्पीडी'चे निष्कर्ष पहिल्यांदा जाहीर झाले ते २३ मार्चला. गळती नेमकी किती झाली हे ठाऊक नसल्याने अंदाज अपुरा होता, असं कारण देण्यात आलं. हे कारण तांत्रिकदृष्ट्या खरं आहे. पण दिशा कळत होती, आणि पळून जाणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी दिशाच लागते.

याच आपत्तीतून 'सेफकास्ट' हा स्वयंसेवकांचा उपक्रम उभा राहिला. किरणोत्सर्ग मोजणारे गायगर काउंटर बाजारातून गायब झाले होते, म्हणून या लोकांनी स्वतःच एक उपकरण बनवलं: वहीएवढा खोका, आत किरणोत्सर्ग मोजणारी नळी, जीपीएस आणि मेमरी कार्ड. मोटारीच्या खिडकीला बाहेरून लटकवायचा आणि गाडी चालवत राहायचं. दर पाच सेकंदांनी एक नोंद: एवढ्या वाजता, या जागी, एवढा किरणोत्सर्ग. सगळा डेटा कोणत्याही अटीशिवाय जगाला खुला. नोंदींची संख्या पुढे दहा कोटींपलीकडे गेली. त्या नकाशावर वर्तुळं नाहीत. वायव्येकडे पसरलेला लांबट पट्टा आहे, आणि त्या पट्ट्यातही एका गल्लीत जास्त, दुसरीत कमी असे बारकावे आहेत. आपल्या घरासमोर, मुलाच्या शाळेच्या वाटेवर काय आहे हे माणसाला स्वतः पाहता येऊ लागलं. काहींनी ते पाहून घर सोडलं, काहींनी ते पाहून राहायचं ठरवलं. दोन्ही निर्णय त्यांचे होते, आणि माहितीवर घेतलेले होते.

लोकांना आकडे दिले तर घबराट होईल, ही शंका अधिकारी नेहमी मांडतात. ती मला साफ चुकीची वाटते. चेंगराचेंगरी, अफवा, औषधांच्या दुकानांवर झुंबड हे सगळं घडतं ते बहुधा माहिती दडवली गेल्याचा वास आला की. न्यूयॉर्कचं उदाहरण घ्या. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर आठवडाभरात अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने तिथली हवा श्वास घेण्यास सुरक्षित असल्याचं सांगितलं. २००३ मध्ये त्याच संस्थेच्या महानिरीक्षकांनी अहवालात नोंदवलं की असं सरसकट विधान करण्याइतका डेटा तेव्हा हाती नव्हता. ढिगाऱ्यावर राबलेल्या हजारो माणसांना पुढे श्वसनाचे विकार जडले. तरीही २००८ मध्ये त्याच शहरात, पोलिसांच्या परवान्याशिवाय कोणीही किरणोत्सारी, रासायनिक किंवा जैविक धोका ओळखणारी उपकरणं बाळगू नयेत, असा नियम आणण्याचा प्रस्ताव पुढे आला. खोट्या इशाऱ्यांमुळे गोंधळ होईल, हा त्यामागचा युक्तिवाद. रहिवासी, कामगार संघटना, पर्यावरण कार्यकर्ते यांनी जोरदार विरोध केला आणि तो प्रस्ताव मागे पडला. तो मंजूर झाला असता तर शाळेच्या खिडकीत हवा मोजणारा शिक्षकही परवान्याच्या रांगेत उभा राहिला असता.

खोट्या इशाऱ्यांची अडचण मात्र खरी आहे आणि तिला बगल देऊन चालणार नाही. साधं गणित करू. शहरात दहा लाख सेन्सर फिरत आहेत आणि प्रत्येक जण वर्षातून फक्त एकदा चुकतो, असं धरलं तरी रोज २,७०० हून अधिक खोटे इशारे येतील. शिवाय काही इशारे खोटे नसतात, फक्त निरुपद्रवी असतात. थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन घेतलेला रुग्ण कित्येक दिवस डिटेक्टर वाजवत राहतो. ग्रॅनाइटचा ढीग भरलेला ट्रक वाजवतो. हवेतले कण मोजणारे स्वस्त सेन्सर दमट हवेत फुगलेल्या कणांना प्रदूषण समजतात आणि आकडा वाढवून सांगतात. म्हणून एकट्या सेन्सरच्या ओरडण्यावर भोंगा वाजवायचा नसतो. जवळपासचे अनेक सेन्सर एकाच वेळी तेच सांगतात का, वाऱ्याशी ते जुळतं का, हे आधी पाहावं लागतं, आणि ते काम यंत्र काही सेकंदांत करू शकतं. 'सेफकास्ट'च्या आकड्यांवर विश्वास बसला त्याचं एक कारण म्हणजे सगळ्यांची उपकरणं एकाच रचनेची होती आणि त्यांची तुलना करता येत होती. कच्चा आकडा, त्याची खात्री किती, उपकरण शेवटचं कधी तपासलं, हे तिन्ही एकत्र दाखवले तर सामान्य माणूस गोंधळत नाही. उद्या पावसाची शक्यता ६० टक्के हे वाक्य तो रोज ऐकतो आणि त्यावर छत्री घ्यायची की नाही ते ठरवतो.

भूकंपाच्या बाबतीत तर प्रत्येक फोन हाच सेन्सर झाला आहे. फोन आडवा केला की पडदा फिरतो तो ज्या अ‍ॅक्सेलरोमीटरमुळे, तोच जमिनीची थरथरही ओळखतो. भूकंपाची पहिली, सौम्य लाट सेकंदाला सहा किलोमीटरच्या आसपास धावते. इमारती पाडणारी दुसरी लाट सुमारे साडेतीन किलोमीटरने. रेडिओ संदेश या दोन्हींच्या कितीतरी पुढे. केंद्राजवळच्या शेकडो फोनांनी एकदम थरथर कळवली, तर शंभर किलोमीटरवरच्या माणसाला पंधरा-वीस सेकंद मिळू शकतात. टेबलाखाली शिरायला, गॅस बंद करायला, शस्त्रक्रियेत हात थांबवायला तेवढे पुरतात. बर्कली विद्यापीठाने २०१६ मध्ये 'मायशेक' अ‍ॅप आणलं आणि गुगलने २०२० पासून अँड्रॉइड फोनांतच ही सोय दिली.

६ फेब्रुवारी २०२३ च्या पहाटे तुर्कस्तानात ७.८ तीव्रतेचा भूकंप झाला. ५०,००० हून अधिक माणसं गेली. गुगलची यंत्रणा त्या वेळी चालू होती, पण तिने पहिल्या धक्क्याची तीव्रता फारच कमी आखली. झोपलेल्या माणसाला जागं करणारा, आवाज बंद असतानाही वाजणारा सर्वोच्च इशारा फक्त ४६९ फोनांवर गेला. सौम्य इशारा, जो झोपेत कोणाला ऐकू जाणार नाही, तो सुमारे पाच लाखांवर. सुधारलेल्या पद्धतीने तोच भूकंप पुन्हा संगणकात चालवला तेव्हा सर्वोच्च इशारा एक कोटी फोनांवर जायला हवा होता, असं निघालं. हे संशोधकांनी शोधनिबंधात मांडलं ते जुलै २०२५ मध्ये, जवळजवळ अडीच वर्षांनी. चूक होणं मी समजू शकतो. एवढ्या मोठ्या भूकंपाची आधी कधी परीक्षा झालेली नव्हती. न पटणारी गोष्ट आहे ती ही अडीच वर्षं. या काळात अनेक देशांतले लोक आणि सरकारं याच यंत्रणेवर विसंबत होती, आणि तिने तुर्कस्तानात किती इशारे दिले हा साधा आकडा त्यांच्यासमोर नव्हता. लोकांच्या खिशातल्या सेन्सरवर चालणाऱ्या यंत्रणेने प्रत्येक मोठ्या घटनेनंतर काही आठवड्यांत किती इशारे गेले, कधी गेले, कुठे चुकले हे जाहीर केलं पाहिजे. सरकारी असो वा खासगी, नियम एकच.

आता दुसरी अट. फोन धोका मोजतो तेव्हा तो माझा ठावठिकाणाही मोजत असतो. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १५ लाख लोकांच्या मोबाइल नोंदी तपासल्या होत्या. नावं काढून टाकलेली असूनही, जागा आणि वेळ यांचे फक्त चार ठिपके माहीत असले तर ९५ टक्के माणसं वेगळी ओळखता येत होती. म्हणजे 'आम्ही नाव ठेवत नाही' एवढं आश्वासन पुरेसं नाही. सिंगापूरने २०२० मध्ये 'ट्रेसटुगेदर' हे अ‍ॅप आणताना सांगितलं होतं की डेटा केवळ कोरोनाचे संपर्क शोधायला वापरला जाईल. जानेवारी २०२१ मध्ये तिथल्या संसदेत उघड झालं की पोलीस गुन्ह्यांच्या तपासासाठी तो मागू शकतात. मग घाईने कायदा करून गंभीर गुन्ह्यांपुरती मर्यादा घातली गेली. साथीच्या भीतीने लोकांनी विश्वासाने दिलेली गोष्ट अशी हातातून निसटली. पुढच्या संकटात त्यातली किती माणसं अ‍ॅप बंद करून बसतील, याची किंमत कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही.

कोरोनाच्या संपर्काचा इशारा देण्यासाठी २०२० मध्येच अ‍ॅपल आणि गुगल यांनी मिळून बनवलेल्या पद्धतीत फोन एकमेकांना सतत बदलणारे सांकेतिक आकडे देत होते आणि जुळणी फोनमध्येच होत होती. कोण कुठे गेलं याची यादी कुठेच तयार होत नव्हती. म्हणजे माग न ठेवता इशारा देणं जमतं. जमत नाही असं कोणी म्हणालं, तर त्याला ती यादी कशासाठी हवी आहे हे विचारायला हवं.

माझा कल मात्र शक्य तिथे फोन टाळून सार्वजनिक वाहनांवर सेन्सर बसवण्याकडे आहे. बस आणि कचरागाडी यांना खासगी आयुष्य नसतं. आणि दुसरं कारण त्याहून मोठं आहे. एमआयटीच्या संशोधकांनी २०१९ मध्ये दाखवलं की मॅनहॅटनमध्ये कोणत्याही दहा टॅक्सी दिवसभरात एक तृतीयांश रस्ते झाकतात, आणि तीस टॅक्सी निम्मे. ऐकायला फार सुखद. पण ८५ टक्क्यांपर्यंत पोचायला हजाराहून अधिक टॅक्सी लागतात, कारण टॅक्सी भाडं असतं तिथेच पुन्हा पुन्हा जाते. उरलेले रस्ते कोणाचे असतात ते सांगायला नको. कारखान्याच्या भिंतीला टेकलेल्या, कचराभूमीलगतच्या, महागडे फोन कमी असलेल्या वस्त्या नकाशावर कोऱ्या राहतात, आणि कोरी जागा पाहणाऱ्याला सुरक्षित जागा वाटते. बॉस्टनमध्ये फोनच्या हादऱ्यांवरून रस्त्यातले खड्डे शोधणारं 'स्ट्रीट बम्प' अ‍ॅप आलं तेव्हा ही अडचण ओळखली गेली. म्हणून पालिकेने ते आधी आपल्या रस्ते-तपासनिसांच्या हाती दिलं, कारण ते सगळ्या भागांत सारखे जातात. हा साधा निर्णय मला कोणत्याही चतुर सॉफ्टवेअरपेक्षा मोलाचा वाटतो. कचरागाडी गरिबाच्या दारीही जाते. जिथे तीही जात नाही, तिथे तर सेन्सर सगळ्यात आधी न्यायला हवा.

आकडा खुला झाला तरी काम संपत नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये कारखान्यातला मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू वस्तीत शिरला तेव्हा कारखान्याबाहेरच्या लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजून बंद झाला. वायू कोणता, वारा कुठे, काय करायचं, हे कोणीच सांगितलं नाही. रुग्णालयातल्या डॉक्टरांनाही आपण कशावर उपचार करतो आहोत ते ठाऊक नव्हतं. तोंडावर ओलं फडकं धरा आणि वाऱ्याच्या आडव्या दिशेने निघा, एवढ्या सूचनेनेही अनेक जीव वाचले असते. फोनवर नुसती '४.२' ही संख्या आली तर तिचा अर्थ लावायला कोणाला वेळ असतो? इशाऱ्यात कुठल्या दिशेला जायचं की घरातच दारं लावून थांबायचं, हे लोकांच्या भाषेत यायला हवं. ते वाक्य आपत्ती यायच्या आधी लिहून, वस्तीत वाचून दाखवून, सराव करून ठेवावं लागतं.

म्हणून एखादं शहर किंवा राज्य असं जाळं विकत घेत असेल तर नागरिकांनी किमतीआधी निविदेची कलमं मागून घ्यावीत. डेटा प्रत्यक्ष वेळेत खुला राहील का, व्यक्तीचा माग किती तासांत पुसला जाईल, पोलिसांना आणि विमा कंपन्यांना तो मागता येईल का, उपकरणांची तपासणी कोण करेल, कोणत्या वस्त्या मोजणीतून सुटल्या आहेत याचा नकाशा दर महिन्याला छापला जाईल का. यंत्रं बसण्याआधी ही कलमं घालून घेता येतात. बसल्यानंतर डेटा बंद ठेवणं पुरवठादारालाही सोयीचं असतं आणि खात्यालाही, आणि मग तेच कलम मिळवायला न्यायालयाची पायरी चढावी लागते.